स्टॅटिनजन्य पेशीमृत्यू

रोहिणीच्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या धमनीच्या, भिंतीच्या मधल्या थरात अरेखित, म्हणजे आडवे पट्टे नसलेल्या, स्नायूपेशी असतात. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांच्या मोठ्या मात्रेत प्रयोगशाळेत ठेवल्यास त्या मरतात. हा मृत्यू ॲपॉप्टोसिस प्रकारचा, म्हणजे पेशीने स्वतःच्या यंत्रणेने घडवून आणलेला असतो. १९७२ साली रूढ झालेल्या या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘पानगळ’. शिरपूर-चोपड्याकडच्या सातपुड्यात फाल्गुनापर्यंत साग उघडा पडतो. त्याची पाने कुणी ओरबाडलेली नसतात, देठाशी तुटण्याची तयारी झाडानेच केलेली असते. नाव अगदी चपखल आहे.

पहिले स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात पेनिसिलियम बुरशीतून वेगळे केले. ही औषधे एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) रोखतात, त्यामुळे मेव्हॅलोनेट हा पेशीतला कच्चा माल तयार होणे मंदावते. पुढची गोष्ट साक्री भागातल्या पांझरेवरच्या फड बागायतीवरून लगेच ध्यानात येते. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाला वाटेत चाऱ्या फुटतात, आणि पाणी शेवटच्या वावरापर्यंत जाते. मेव्हॅलोनेटच्या पाटावरचे शेवटचे वावर म्हणजे कोलेस्टेरॉल. तेवढेच कोरडे ठेवावे असा हेतू असतो. पण स्टॅटिन पाट तोंडाशीच आवळते, त्यामुळे मधल्या चाऱ्यांचेही पाणी तुटते. फार्नेसिल आणि जेरानिलजेरानिल पायरोफॉस्फेट या त्यांतल्या दोन महत्त्वाच्या चाऱ्या. ऱ्हो आणि रास या प्रथिनांना त्यांच्यापासून मेदाचे शेपूट मिळते, आणि त्या शेपटाच्या आधाराने ती पेशीपटलाला चिकटून काम करतात. ऱ्होकडे पेशीचा सांगाडा ताणून धरण्याचे काम असते. शेपूट नसले की ते पटल सोडून पेशीरसात रिकामे फिरत राहते.

सूक्ष्मदर्शकाखाली हे डोळ्यांना दिसते. चातीसारख्या लांबट, प्रयोगशाळेतल्या बशीच्या तळाला पसरून बसलेल्या पेशी आधी आखडतात, मग गोल होतात, त्यांच्या कडेला फुगे येतात आणि शेवटी तळ सोडून त्या तरंगू लागतात. आत बीसीएल-२ हे पेशीला जगवणारे प्रथिन घटते, कॅस्पेज नावाची विकरे जागी होतात आणि डीएनएचे तुकडे पडतात.

दोष नेमका कोणत्या चारीचा, हे १९९८ साली माद्रिदच्या संशोधकांनी दाखवले. स्टॅटिन दिलेल्या पेशींना वरून मेव्हॅलोनेट पुरवले तर त्या वाचल्या. फार्नेसिल किंवा जेरानिलजेरानिल पायरोफॉस्फेट दिले तरी वाचल्या. कोलेस्टेरॉलच्या वाटेवरचे स्क्वालीन दिले तेव्हा मात्र काही उपयोग झाला नाही. म्हणजे पेशी कोलेस्टेरॉलवाचून मरत नव्हत्या. सिम्वास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन या मेदात विरघळणाऱ्या औषधांनी हा परिणाम केला; पाण्यात विरघळणाऱ्या प्राव्हास्टॅटिनने केला नाही, कारण स्नायूपेशीत त्याला सहज शिरकाव नाही.

अर्ध्या माहितीवर इथे घाबरून जाणे सोपे आहे. धमनीत साचलेल्या मेदाच्या थरावर टोपीसारखे आवरण असते, त्यातले कोलॅजन याच स्नायूपेशी बनवतात. त्या मेल्या तर आवरण पातळ होऊन फुटेल, अशी शंका रास्तच आहे. पण बशीतली मात्रा सहसा मायक्रोमोलर, आणि गोळी घेणाऱ्याच्या रक्तातली बहुतेक नॅनोमोलर, म्हणजे कितीतरी पटींनी कमी असते. प्रत्यक्षात स्टॅटिन घेणाऱ्यांत हा थर अधिक स्थिर झालेला आढळतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन औषधचाचणीत ४,४४४ हृदयरुग्ण होते. सिम्वास्टॅटिन घेणाऱ्या गटात एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. जळगाव-धुळ्याकडे मेडिकलवर ‘चरबीची गोळी’ म्हणून मागितली जाते ती बहुधा स्टॅटिनच असते. रिपोर्ट नॉर्मल आला की ती आपल्या मनाने बंद करणारे पुष्कळ आहेत. बशीतल्या पेशींचा हा प्रयोग त्यांनी आणखी एक कारण म्हणून धरू नये. गोळी बंद करायची की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावे.

स्टॅटिन घेताना कधी होणाऱ्या पोटरी-मांडीच्या दुखण्याशीही या प्रक्रियेची गल्लत होते. तिथले स्नायू रेखित, म्हणजे वेगळ्या जातीचे. गोळी चालू असताना ते विनाकारण फार दुखू लागले किंवा लघवी काळपट लाल झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.