‘डिस्क खराब होत आहे’ असा इशारा आला तर

संगणक सुरू करताना काळ्या पडद्यावर ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’ अशी ओळ येते. ‘स्मार्ट’ म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद. बरेच जण कळ दाबून पुढे जातात. विंडोज उघडते, काम चालते, म्हणून इशारा विसरला जातो.

आधी कॉपी काढा, डिस्क बदलायची की नाही ते नंतर ठरवू. चेकडिस्क (डिस्क तपासणे), डिफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवणे), फॉरमॅट (डिस्क पुसून नव्याने मांडणे) यांपैकी काहीही त्याआधी नको. आजारी डिस्कचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचा छोटा कप्पा, तपासायला लावला, तर त्या श्रमातच ती बसू शकते. टॅलीचा डेटा, जीएसटीची बिले, देवस्थानचा जमाखर्च, घरातले फोटो पहिले उचला. सिनेमे राहिले तरी चालतील. आणि कॉपी दुसऱ्या डिस्कवर हवी. त्याच डिस्कच्या ‘डी’ या दुसऱ्या भागात टाकून निर्धास्त झालेले ग्राहक दर पावसाळ्यात आमच्याकडे येतात.

डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल तर मात्र कॉपीच्याही फंदात पडू नका. संगणक बंद करून तसाच आणा.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम उघडला की लांबलचक यादी दिसते. त्यातल्या ०५, सी५, सी६ आणि सी७ एवढ्याच ओळींचा शेवटचा रकाना बघा. तिथले आकडे दहाऐवजी सोळाच्या पायावर (हेक्स) लिहिलेले असतात. शेवटी १० दिसले तर ते दहा नव्हेत, सोळा.

०५ म्हणजे डिस्कने बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. आकडा लहान असेल आणि महिनोन्‌महिने तिथेच थांबला असेल, तर ती डिस्क बिनमहत्त्वाच्या कामाला वापरता येते. आठवड्याला वाढत असेल तर घासाघीस नको, बदला. सी५ मधले सेक्टर वाचता आलेले नाहीत, पण अजून बाद ठरलेले नाहीत. आपल्याकडे जूनपासून वीज ये-जा करते. लिहिता लिहिता वीज गेली तरी एखादा सेक्टर असा अडकतो आणि पुन्हा लिहिल्यावर सुटतो. म्हणून सी५ मध्ये एक दिसला की लगेच नवी डिस्क, असे आम्ही सांगत नाही. सी६ मध्येही, म्हणजे दुरुस्त न होणाऱ्या सेक्टरांच्या ओळीतही, आकडा असेल तर सांगतो.

सी७ बहुतेकदा केबलचा दोष दाखवतो. समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत जोडणीच्या पिना गंजतात. केबल बदलल्यावर जुना आकडा पुसला जात नाही, फक्त वाढायचा थांबतो. तो थांबला तर डिस्कचे पैसे वाचले.

गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कांच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांनी अभ्यासकांनी धरलेल्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. तेव्हा यादी स्वच्छ असली तरी बॅकअप हवाच. एसएसडीचे, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपच्या डिस्कचे, तर विशेष: ती काल चालते, आज संगणकाला दिसतच नाही.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा नाही. पावती सोबत आणा. आकडे आम्ही तुमच्यासमोरच काढतो. मोबाइलवर त्यांचा फोटो घेऊन ठेवा, आठ दिवसांनी पुन्हा ताडून बघता येतील.