शाळा व्यवस्थापन समिती सदस्यांचे प्रशिक्षण (पुणे)

महापालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांतील समिती सदस्यांना, मुख्यतः पालकांना, मुलांची शिकण्यातली प्रगती तपासायला आणि त्यावर सभेत प्रश्न विचारायला तयार करणारे प्रशिक्षण. इमारत, गणवेश, पोषण आहार आणि हिशोब हे विषयही त्यात असतात. पण त्याचे खरे मोल मुलांना वाचता येते का, गणित जमते का, हे सभेत बोलले जाऊ लागते की नाही यावर ठरते.

समितीला कायद्याचा आधार आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातील कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ही समितीची कामे. मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना वेळोवेळी सांगणे हे कलम २४ नुसार शिक्षकाचे कर्तव्य आहे. म्हणजे पालक वर्गाबद्दल विचारतो तेव्हा तो आपल्या हक्काचेच मागत असतो. प्रशिक्षणात सगळ्यात आधी सांगायला हवी ती ही गोष्ट.

पुण्यात शाळांचा कारभार पूर्वी महापालिकेच्या शिक्षण मंडळाकडे होता. राज्यातली ही मंडळे रद्द झाल्यावर तो महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आला. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले आणि बराच काळ शहराला नगरसेवकच नव्हते. अशा वेळी शाळेला जाब विचारू शकणारे सगळ्यात जवळचे लोक म्हणजे समितीतले पालक.

प्रशिक्षणाचे साहित्य वरून खाली येते. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद पुण्यातच, सदाशिव पेठेत आहे; तिच्याखाली जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, मग जवळच्या काही शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आणि शेवटी शाळा. या उतरंडीत बरेच काही गळते. वर पानभर मांडलेला अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवे याचा मुद्दा शाळेत पोचेपर्यंत ‘मुलांकडे लक्ष द्या’ एवढाच उरतो.

म्हणून चांगले प्रशिक्षण भाषण टाळून सदस्याला मुलाशेजारी बसवते. हातात एक साधा कागद असतो: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीमुळे ही पद्धत २००५ पासून देशभर माहीत झाली आहे. मूल कुठे अडखळते हे ऐकायला पदवी लागत नाही. गणितात एक हातच्याची वजाबाकी पुरते. ५२ मधून २८ वजा करायला सांगितल्यावर मूल ३६ लिहिते तेव्हा त्याने वरचे-खालचे न पाहता प्रत्येक ठिकाणी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो. त्याला वजाबाकी माहीत आहे, दशक सुटा करणे माहीत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेली आई पुढच्या सभेत ‘पोरगं अभ्यासच करत नाही’ असे म्हणत नाही. ‘हातचा शिकवायला आणखी वेळ कधी देणार?’ असे विचारते. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकगणित यावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर असे प्रश्न हवेतच.

दुसरा भाग विषयपत्रिकेचा. रंगकाम, स्नेहसंमेलन आणि पाण्याची टाकी आधी आली की वाचनाचा विषय येईपर्यंत निम्मे पालक कामावर निघून गेलेले असतात. म्हणून मुलांची प्रगती हा विषय पहिला घ्यावा. मुलांची नावे न घेता ‘तिसरीत इतक्या मुलांना परिच्छेद वाचता येत नाही’ असा आकडा मांडावा, उपाय ठरवावा आणि पुढच्या महिन्यात तोच आकडा पुन्हा पाहावा. कसे शिकवायचे हे मात्र शिक्षकाचे क्षेत्र. सदस्याने तिथे शिरू नये.

अमेरिकेत शाळांचा कारभार पाहणाऱ्या, निवडून आलेल्या स्कूल बोर्डांसाठी असाच विचार झाला. आयोवा राज्यातील स्कूल बोर्डांच्या संघटनेने केलेल्या ‘लाइटहाउस’ अभ्यासात १९९८ ते २००० या काळात जॉर्जिया राज्यातील चांगली आणि कमी प्रगती असलेल्या शालेय जिल्ह्यांच्या बोर्डांची तुलना झाली. मुले कुठल्याही घरातून आली तरी शिकू शकतात, हा विश्वास चांगल्या जिल्ह्यांच्या बोर्डांत ठळक दिसला. टेक्सासच्या ‘लोन स्टार गव्हर्नन्स’ कार्यक्रमात बैठकीतली किती मिनिटे विद्यार्थ्यांच्या प्रगतीवर गेली हे मोजतात. तिथले बोर्ड अंदाजपत्रक ठरवते, जिल्ह्यातील शाळांचा प्रमुख असलेला अधीक्षक नेमते. पुण्यातली समिती शिक्षक नेमू शकत नाही की बदलू शकत नाही. मिनिटे मोजणे मात्र तिलाही विनाखर्च जमेल.

अडचणी खऱ्या आहेत. सभा दिवसा होते. बांधकामावर किंवा धुण्याभांड्याच्या कामावर जाणाऱ्या पालकाचा तेवढ्यासाठी खाडा होतो. अनेक घरांत मराठी बोलली जात नाही. समितीची मुदत दोन वर्षांची, त्यामुळे जमू लागलेले सदस्य बदलतात. काही ठिकाणी इतिवृत्त आधी लिहून त्यावर सह्या घेतल्या जातात; तिथे प्रशिक्षण कागदावरच राहते. संध्याकाळची सभा आणि वाचून दाखवलेले इतिवृत्त हे दोनच बदल केले तरी उपस्थित पालक बोलू लागतात.

विनाअनुदानित खाजगी शाळांना कलम २१ लागू नाही, आणि पुण्यातली बरीच मुले याच शाळांत आहेत. तिथे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचे कायद्यातले ठळक काम राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फीच्या मंजुरीचे आहे. वाचन-गणिताचा तोच साधा कागद या पालकांच्या हातीही द्यायला हवा.