छताची दिशा आणि सौर पॅनेलची वीज

घराचे तोंड पूर्वेला असेल तर सोलर चालेल का, हा प्रश्न आम्हाला पाहणीच्या वेळी हमखास विचारला जातो. दाराच्या दिशेचा विजेशी काहीही संबंध नाही. पॅनेलची काच कोणीकडे तोंड करून आहे, एवढेच पाहायचे असते.

पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, परंतु त्यातला बराचसा काळ ढगांचा असतो. वर्षाचे उरलेले नऊ-साडेनऊ महिने तो दक्षिणेकडे कललेला असतो आणि २२ डिसेंबरला तर भर दुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांपर्यंतच चढतो. म्हणूनच आपल्याकडे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण १५ ते २० अंशांच्या कलाने बसवतात.

स्लॅबची गच्ची असेल, तर दिशा आपल्या हातात असते. प्लॉट रस्त्याला तिरका असला तरी लोखंडी स्ट्रक्चर दक्षिणेकडे वळवता येते. मात्र तसे केल्याने कोपऱ्यांतली जागा वाया जाणार असेल, तर ते कठड्याला समांतर ठेवावे, असे आमचे मत आहे, कारण तोंड दक्षिणेपासून वीसेक अंश सरकले तरी वर्षभराच्या विजेत फार तर एखाद्या टक्क्याचा फरक पडतो.

कौलारू किंवा पत्र्याच्या छताला ही मुभा नसते. पंधरा अंशांच्या पूर्व किंवा पश्चिम उतरणीवर दक्षिणेच्या तुलनेत वर्षाला साधारण ५ ते ८ टक्के वीज कमी मिळते. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले, तर हा तोटा पाव युनिटाच्या आसपास भरतो आणि तेवढ्यासाठी बेत रद्द करण्याचे कारण नाही. उत्तर उतरणीवरचा तोटा याच्या सुमारे दुप्पट असतो आणि छत जितके उभट, तितका तो वाढतो. डिसेंबरच्या दुपारी तिथे पडणारे थेट ऊन दक्षिण उतरणीच्या जेमतेम ६० टक्के असते. दुसरी जागा असेपर्यंत उत्तर उतरण आम्ही सुचवत नाही. वेगवेगळ्या दिशांच्या दोन उतरणी वापरायच्या असतील, तर त्यांची पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या एकाच ओळीत, जोडू नयेत, कारण एका ओळीत जोडलेल्या पॅनेलमधून एकच प्रवाह वाहतो आणि कमी ऊन मिळणारी पॅनेल बाकीच्यांनाही मागे खेचतात. प्रत्येक उतरणीसाठी इन्व्हर्टरला (पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणाऱ्या यंत्राला) स्वतंत्र एमपीपीटी इनपुट, म्हणजे त्या ओळीतून जास्तीत जास्त वीज काढून घेणारी वेगळी जोडणी, हवे.

दिशेपेक्षाही आम्हाला अधिक काळजी वाटते ती सावलीची. गच्चीच्या दक्षिण कडेला दीड मीटर उंचीची पाण्याची टाकी असेल, तर २२ डिसेंबरला भर दुपारी तिची सावली सव्वा मीटरहून थोडी लांब पडते, पण सकाळी नऊच्या सुमारास तीच तीन मीटरच्या पुढे पोहोचते. अशा सावलीचा एक पट्टा पॅनेलच्या कोपऱ्यावर आला, तरी त्या पॅनेलची वीज सावलीच्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त घटते. त्यामुळे सावलीत येणाऱ्या दक्षिण बाजूपेक्षा दिवसभर मोकळे ऊन मिळणारी पश्चिम उतरण आम्ही केव्हाही पसंत करू.

आम्ही पाहणीला येण्यापूर्वी आपण सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीचे किंवा छताचे फोटो काढून ठेवावेत, आणि त्यांत टाकी, जिन्याची खोली व शेजारचे झाड दिसेल असे पाहावे. मोबाइलच्या होकायंत्रावर दिशा पाहताना लोखंडी टाकी, सळया किंवा पत्र्यापासून दूर उभे राहावे. त्यांच्याजवळ सुई भलतीकडेच वळते.