वीरगळ

लढाईत, किंवा गावाचे आणि गुराढोरांचे रक्षण करताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. तिथल्या ‘वीरगल्लु’चेच मराठीत वीरगळ झाले. गधेगळातला ‘गळ’ही हाच, पण गधेगळ हे स्मारक नव्हे; दिलेले दान मोडणाऱ्याला घातलेली ती दगडावरची शिवी आहे. दोन्ही दगड बहुधा एकाच पारावर टेकवून ठेवलेले असतात, त्यामुळे घोटाळा होतो. तमिळनाडूत वीरगळाला नडुकल म्हणतात, गुजरातेत पाळिया, तर राजस्थानात देवळी.

परंपरा फार जुनी. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात पुलिमानकोंबै येथे २००६ मध्ये सापडलेल्या शिळांवर तमिळ-ब्राह्मी लिपीत लेख आहेत आणि ते इ. स. पूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानले जातात. त्यांपैकी एक दगड गुरांच्या लुटीत पडलेल्या माणसाचा आहे. पुढची दीड हजार वर्षे हाच विषय पुन्हा पुन्हा येत राहतो. गुरे म्हणजे त्या काळचे चालते धन. ती वळवून नेणे ही चोरीही होती आणि युद्धाला तोंड फोडण्याची रीतही. विराटपर्वात कौरव मत्स्य देशाची गुरे हाकून नेतात, तेही हेच गोग्रहण. कन्नड लेखांत त्याला ‘तुरुगोळ’ म्हणतात.

महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळ शिलाहार आणि यादव काळातले आहेत. कर्नाटकातल्या वीरगळांवर वीराचे नाव, राजा आणि शक सांगणारे लेख पुष्कळदा सापडतात. आपल्याकडच्या बहुसंख्य दगडांवर मात्र एक अक्षरही नाही. म्हणून इथे शिल्प हाच लेख समजायचा, आणि तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत मृत्यूचे कारण असते: ढाल-तलवारीची झुंज, घोडेस्वार, धनुर्धारी, कधी वाघाशी झटापट. वीर आडवा पडलेलाही दाखवतात. तिथेच रांगेने गाई कोरल्या असतील, तर माणूस गोरक्षणात पडला असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही हातांना धरून, किंवा विमानात बसवून, वर नेत असतात. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, शेजारी पुजारी. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर ही कीर्ती राहो. सोबत कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेली शिळा दिसली, तर ती सतीशिळा. काही वीरगळ चारही बाजूंनी कोरलेले असतात.

कर्नाटकातील अनेक लेखांत एक श्लोक येतो: ‘जितेन लभ्यते लक्ष्मीः मृतेनापि सुराङ्गना । क्षणविध्वंसिनि काये का चिन्ता मरणे रणे ॥’ जिंकलास तर लक्ष्मी, मेलास तर अप्सरा. देह क्षणात जाणारा, मग रणात मरणाची काळजी कसली? मधल्या चौकटीचा अर्थ याहून सोपा करून सांगता येणार नाही. अर्थात हे पटवून देण्यात कोणाचा फायदा होता, हा प्रश्न दगडापुढे उभे राहिल्यावर मनात येतोच.

या शिळांचे खरे मोल त्या कोणासाठी उभारल्या यात आहे. ताम्रपट राजाचे, मंदिरे राजाची किंवा सरदाराची. वीरगळ मात्र बहुतांशी गावच्या माणसाचा. बेंगळूरजवळ बेगूर येथील इ. स. ८९० च्या सुमाराच्या वीरगळात ‘बेंगळूरच्या युद्धा’चा उल्लेख आहे. आज महानगर झालेल्या गावाचे नाव असे एका पडलेल्या सेवकाच्या दगडावर टिकले. मंड्या जिल्ह्यातील आतकूरचा दगड तर चक्क कुत्र्याचा. चोळांवरील विजयानंतर, इ. स. ९४९-५० मध्ये, गंग राजा बुतुग आपल्या मणलेर नावाच्या योद्ध्यावर प्रसन्न झाला, तेव्हा त्याने बक्षीस म्हणून राजाचा ‘काळी’ हा कुत्रा मागून घेतला. पुढे रानडुकराशी झुंजताना दोघेही, कुत्रा आणि डुक्कर, मेले. त्या कुत्र्यासाठी शिळा उभी राहिली आणि तिच्या पूजेला जमीन लावून दिली गेली.

समुद्रावरची लढाई पाहायची तर मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला जावे. तिथल्या सहा वीरगळांपैकी काहींवर वल्ह्यांच्या ओळी असलेली गलबते कोरली आहेत. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर हा यादव राजा महादेव याच्याशी लढताना समुद्रात बुडाला. ही लढाई तीच, असा अनेकांचा कयास आहे. दगडांवर नाव नसल्याने त्यापुढे जाता येत नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाचे मूळ एखाद्या वीरगळात असावे, असेही एक मत मांडले गेले आहे. ते सर्वमान्य नाही, पण वीराचा देव होणे या मुलखात नवे नाही.

गावोगावी ते रोज घडतेच. देवळाच्या आवारात, वेशीवर, पिंपळाखाली वीरगळ मांडलेले असतात; लोक त्यांना शेंदूर फासतात, तेल वाहतात, कुठल्या तरी देवाच्या नावाने नारळ फोडतात. अभ्यासकाला शेंदराच्या थराखालची चौकट दिसत नाही म्हणून तो चडफडतो. पण जे दगड शेंदराविना राहिले, त्यांतले किती धुण्याला, पायरीला आणि बांधाला गेले, तेही पाहावे. जीर्णोद्धारात देऊळ सिमेंटचे होते, अंगणात फरशी बसते आणि वीरगळ मागच्या भिंतीला कचऱ्यासोबत टेकतो. संग्रहालयात नेला तर तो सुरक्षित राहतो, मात्र कोणत्या वेशीवर उभा होता याची नोंद नसेल तर अर्धी माहिती तिथेच हरवते. लेख नसलेल्या वीरगळाला जागा हाच त्याचा पत्ता असतो.