शास्त्रवाचन आणि आज्ञापालन (ख्रिस्ती तारणविचार)

ख्रिस्ती श्रद्धेनुसार तारण म्हणजे पाप व मृत्यू यांच्या बंधनातून सुटून देवाशी पुन्हा जोडले जाणे. या तारणात पवित्र शास्त्राच्या वाचनाचे स्थान काय आणि त्यातील आज्ञा पाळण्याचे काय, हा प्रश्न नव्या करारातच (बायबलच्या दुसऱ्या, येशू व त्याच्या अनुयायांविषयीच्या भागात) उपस्थित झालेला आहे.

शास्त्रवाचनाला नवा करार कमी लेखत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्रलेख ख्रिस्तावरील विश्वासाच्या द्वारे तारणासाठी ज्ञानी करतात असे म्हटले आहे. रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचणारा कूशी (इथिओपियाचा) अधिकारी फिलिप्प या येशूच्या अनुयायाकडून त्याचा अर्थ समजून घेतो आणि वाटेतच बाप्तिस्मा घेतो (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८). मात्र योहानाच्या शुभवर्तमानात (५:३९-४०) शास्त्रलेखांत सार्वकालिक जीवन शोधणाऱ्यांना येशू बजावतो की, ते लेख ज्याची साक्ष देतात त्याच्याकडे येण्यास तुम्ही तयार नाही.

या प्रश्नावरचा सर्वांत बोलका प्रसंग लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. सार्वकालिक जीवनासाठी काय करावे, असे विचारणाऱ्या नियमशास्त्राच्या (मोशेने दिलेल्या यहुदी धर्मनियमांच्या) पंडितालाच येशू विचारतो की, शास्त्रात तू काय वाचतोस? देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करावी, हे पंडिताचे उत्तर अचूक ठरते. ‘हेच कर, म्हणजे जगशील’, एवढीच पुस्ती येशू जोडतो. शेजारी कोण, या पुढच्या प्रश्नावर तो दृष्टांत सांगतो. त्यातील याजक व लेवी, म्हणजे शास्त्राशी रोजचा संबंध असलेली माणसे, जखमी वाटसरूला टाळून जातात. शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या समाजातला माणूस, मात्र जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या मालकाच्या हाती दोन दीनार ठेवतो. पंडिताचे वाचन चुकलेले नव्हते, ते आचरणाच्या उंबरठ्यावर थांबले होते, असाच या प्रसंगाचा रोख दिसतो.

आज्ञापालनाने तारण कमावता येते, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. माणूस नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, असे प्रेषित पौल रोमकरांस लिहितो (३:२८), तर नव्या करारातील दुसरा पत्रलेखक याकोब केवळ विश्वासाने नव्हे, क्रियांनीही, असे म्हणतो (२:२४). वरवर परस्परविरोधी वाटणारी ही वचने वेगवेगळ्या चुकांना उत्तर देतात: पौलासमोर कर्मांचा अभिमान आहे, याकोबासमोर भुकेल्याला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणारा श्रद्धाळू. शिवाय नियमशास्त्र ऐकणारे नव्हे, तर आचरणारे नीतिमान ठरतील, हे वचन पौलाचेच आहे (रोम २:१३). वधस्तंभावरील पश्चात्तापी गुन्हेगाराला तर वाचनाला किंवा आज्ञापालनाला अवसरच उरला नव्हता, तरी त्याला सुखलोकाचे वचन मिळाले; तारणाचे मूळ कृपेत आहे, असे मानणारे या प्रसंगाकडे आवर्जून बोट दाखवतात.

सोळाव्या शतकात हा वाद चर्चच्या फुटीचे एक कारण ठरला. १५२२ मध्ये नव्या कराराचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध करून चर्च-सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरने शास्त्र सामान्य वाचकाच्या हाती दिले, परंतु त्याच अनुवादाच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवती (हलक्या मोलाचे) पत्र म्हटले. रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये कृपेचे प्राथम्य मान्य करतानाच केवळ विश्वासाने तारण होते हे मत नाकारले आणि आज्ञापालन आवश्यक ठरवले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा देवाची कृपा व माणसाचा प्रतिसाद यांना परस्पर सहकारी मानते. १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे रोमन कॅथलिक व लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतील) प्रतिनिधींनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: सत्कर्मे तारणाची किंमत नसून त्याचे फळ आहेत, यावर दोन्ही बाजूंचे एकमत झाले. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड या अन्य प्रोटेस्टंट पंथांच्या जागतिक संघटनाही त्यात सामील झाल्या.