मारा की सेरेंगेटी? आधी महिना सांगा

ओळखीतलं कुणी आफ्रिकेला निघालं की फोन येतोच. प्रश्न ठरलेला: "मसाई मारा करू की सेरेंगेटी?" मी उलट विचारतो, "रजा कधी मिळतेय?" समोरचा गोंधळतो. त्याला दोन जंगलांची तुलना हवी असते आणि मी त्याच्या ऑफिसची चौकशी करत बसतो. पण या दोन नावांमधला निम्मा गुंता महिना कळला की सुटतो.

मुळात ही दोन वेगळी जंगलं नाहीतच. गवताचा एकच अफाट माळ आहे आणि त्यावरून केनिया आणि टांझानियाची सरहद्द पट्टीने आखल्यासारखी सरळ गेली आहे. वरच्या तुकड्याला मसाई मारा म्हणतात, खालच्याला सेरेंगेटी. मध्ये कुंपण नाही. वाइल्डबीस्ट (बैलासारखी दिसणारी मोठी रानहरणं) तीच, मारा नदीही तीच. फरक पहिला दिसतो तो आकारात. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढं. मसाई मारा साधारण १,५१० चौरस किलोमीटर. शहर आणि उपनगर धरून मुंबईच्या अडीचपट. इथल्या पशुपालक मसाई लोकांच्या मा भाषेत 'सिरिंगेट' म्हणजे जिथे जमीन संपतच नाही अशी जागा, आणि 'मारा' म्हणजे ठिपकेदार. माराच्या टेकाडावरून खाली पाहिलं की झाडं, झुडपं आणि ढगांच्या सावल्या माळावर ठिपक्यांसारख्या पसरलेल्या दिसतात. दक्षिण सेरेंगेटीत ठिपकासुद्धा सापडत नाही. क्षितिजापर्यंत नुसतं गवत.

आता ज्यासाठी लोक जातात ते स्थलांतर. तेरा-चौदा लाख वाइल्डबीस्ट, त्यांच्यासोबत दोनेक लाख झेब्रे आणि काही लाख गॅझेल म्हणजे छोटी हरणं वर्षभर गोल फिरत असतात. 'मायग्रेशनचा सीझन' असं आपण म्हणतो, पण ते थांबतच नाही. प्रश्न फक्त कळप आत्ता कुठे आहे एवढाच. डिसेंबर ते मार्च तो दक्षिणेला, एन्डुटूच्या आसपासच्या आखूड गवतावर असतो. तिथल्या जमिनीत जुन्या ज्वालामुखींची राख आहे. त्यामुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, आणि पिलांना पाजणाऱ्या माद्यांना तेच हवं असतं. एप्रिल-मेमध्ये हा पट्टा सुकायला लागला की कळप वायव्येकडे, ग्रुमेती नदीच्या बाजूला सरकतो. जुलैच्या आसपास तो उत्तरेला मारा नदीवर पोचतो, कारण कोरड्या दिवसांत या सगळ्या टापूत भरवशाचं पाणी असलेली नदी तीच. ऑक्टोबरपर्यंत तिथे या काठावरून त्या काठावर ये-जा चालते आणि नोव्हेंबरच्या पावसाचा वास आला की सगळे परत दक्षिणेला. बाराही महिन्यांचा हिशेब मांडला तर कळपाचा बहुतेक मुक्काम टांझानियात असतो. केनियात तो पाहुणा म्हणून येतो, दोन-तीन महिन्यांसाठी.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. 'नदी ओलांडणारे कळप बघायचे म्हणजे मारा' हे आपल्याकडे पक्कं डोक्यात बसलंय. मारा नदी केनियातून वाहत येऊन उत्तर सेरेंगेटीत शिरते आणि तिथल्या कोगातेंदे भागातही जुलै ते ऑक्टोबर तेच नाट्य घडतं: तेच उंच काठ, त्याच मगरी, आणि गाड्या बहुधा कमी. मग गर्दी माराकडेच का? एक म्हणजे मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास. दुसरं, नैरोबीहून नारोकमार्गे सहा तासांत मारा गाठता येतं. कोगातेंदेला रस्त्याने जायचं तर टांझानियातल्या अरुशा शहराहून दोन दिवस धरा, नाहीतर छोटं विमान.

नदीवरचा प्रसंग कसा असतो ते सांगतो, म्हणजे अपेक्षा जाग्यावर येतील. सकाळी आठला पलीकडच्या काठावर काळी रांग जमायला लागते. गाड्या काठापासून लांब, झुडपांच्या आडोशाला उभ्या. वाइल्डबीस्ट घशातून 'घ्नू, घ्नू' असा आवाज काढतात. हजारो एकत्र आल्या की पावसाळ्यात बेडकांच्या डबक्याकाठी बसल्यासारखं वाटतं. पुढचा झेब्रा पाण्यापर्यंत उतरतो, तोंड लावतो, काहीतरी दचकवतं आणि सगळे धूळ उडवत मागे. असं चार वेळा होतं. दुपारचा एक वाजतो. गाडीतल्या कुणाला तरी लघवीला जायचं असतं आणि खाली उतरता येत नाही. मग कुठल्याही इशाऱ्याशिवाय एक वाइल्डबीस्ट काठावरून उडी टाकते, आणि पुढची काही मिनिटं धूळ, पाणी आणि पाय यांच्यात काय चाललंय ते कळत नाही. त्याच क्षणी आडोशाच्या सगळ्या गाड्यांची इंजिनं एकदम सुरू होतात. काठावर जागा धरायची ती धावपळ बघून मला दर वेळी दादर स्टेशन आठवतं. आणि दोन दिवस बसूनही कळप माघारी गेला असंही होतं. एकाच दिवसाचं नदीदर्शन विकणाऱ्याकडून पॅकेज घेऊ नका.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नदीपेक्षा फेब्रुवारीतला एन्डुटूचा माळ मला जास्त भावला. दोन-तीन आठवड्यांत लाखो पिलं जन्माला येतात. पिलू पडल्यावर काही मिनिटांत उभं राहतं: आधी मागचे पाय, मग तोंडावर आपटतं, मग परत. आईला सोडून तुमच्या गाडीलाच आई समजून मागे लागणारी पिलंही दिसतात. चित्ते, तरस, सिंह तिथेच वावरत असतात आणि मोकळ्या माळावर लपायला काही नसल्याने शिकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांसमोर घडते. एन्डुटूचा बराचसा भाग सेरेंगेटी उद्यानात नसून शेजारच्या एनगोरोंगोरो संवर्धन क्षेत्रात येतो. तिथे ठरावीक काळात गाडी रस्ता सोडून गवतात नेता येते. उद्यानात गेलात की ते बंद. फोटो काढणाऱ्यांसाठी हा फरक फार मोठा आहे.

माराच्या बाजूने असंच एक वजनदार कारण आहे, ते म्हणजे कन्झर्व्हन्सी. मुख्य राखीव क्षेत्राच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी आहेत: नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ. कॅम्पवाले या जमिनी भाड्याने घेतात, मालकांना महिन्याला पैसे मिळतात, आणि एवढ्या एकरांमागे एवढेच तंबू असा हिशेब ठरलेला असतो. त्यामुळे एका सिंहाभोवती दोन-तीन गाड्या. रात्रीची सफारी, पायी फेरी आणि रस्ता सोडून गाडी नेणं, जे मुख्य क्षेत्रात चालत नाही ते इथे चालतं. महाग आहे. पण मुख्य क्षेत्रात ऑगस्टमध्ये एका बिबट्याच्या झाडाखाली वीस गाड्या बघितल्या की महागपणाचा अर्थ कळतो. नियमाने एका प्राण्यापाशी पाचच गाड्या थांबायला हव्यात. ताडोबात वाघ रस्त्यावर आल्यावर जे होतं ते पाहिलेल्यांना नियम आणि वस्तुस्थिती यातलं अंतर समजावून सांगायला नको. मुख्य क्षेत्रातच राहायचं असेल तर नदीच्या पश्चिमेचा मारा ट्रँगल पाहा. त्याचा कारभार वेगळा आहे आणि शिस्तही जरा बरी.

सेरेंगेटीकडे कोप्ये आहेत. हंपीत दिसतात तसे ग्रॅनाइटचे गोल खडक गवताच्या समुद्रात मध्येच वर आलेले, आणि त्यावर ऊन खात पडलेले सिंह. मधल्या सेरोनेरा भागात नदीकाठच्या झाडांवर बिबटे सापडण्याची शक्यता चांगली असते. गेंडा मात्र दोन्हीकडे नशिबाचा भाग. टांझानियाच्या फेरीत एनगोरोंगोरोचं विवर वाटेवरच येतं आणि तिथे काळा गेंडा दिसण्याची आशा जास्त असते, भले दुर्बिणीतून का होईना. विवरात जेवणाच्या थांब्यावर डबा गाडीतच उघडा; घारी हातातला घास उचलून नेतात, हे मी माझ्या सँडविचच्या अनुभवावरून सांगतोय.

"मग दोन्ही करून टाकू, शेजारीच तर आहेत." हा पुढचा प्रश्न, आणि इथेच बरेच जण फसतात. माराच्या दक्षिण टोकावरून समोरचा सेरेंगेटी दिसतो, पण पर्यटकाला तिथून पलीकडे जाता येत नाही. १९७७ साली पूर्व आफ्रिकी देशांचा संघ मोडला, टांझानियाने सरहद्द बंद केली, आणि उद्यानांमधली ती वाट पर्यटकांसाठी आजही बंद आहे. पश्चिमेला वळसा घालून इसेबानिया नाक्यावरून जायचं, तिथे गाडीही बदलायची, कारण केनियाच्या सफारी गाड्यांना टांझानियाच्या उद्यानांत परवानगी नाही. त्यात अख्खा दिवस जातो. छोट्या विमानांनीही हे साधतं, पण त्यातही उतरा, सरहद्द ओलांडा, दुसरं विमान पकडा असा प्रकार असतो. शिवाय केनिया, युगांडा आणि रवांडाला मिळून एक व्हिसा मिळतो, त्यात टांझानिया नाही. आठवडाभराची सहल असेल तर एकच देश घ्या. दहा-बारा दिवस असतील तरच दोन्हींचा विचार.

पैशांचं गणित अलीकडे बदललंय. 'मारा स्वस्त' हे जुनं वाक्य आता आंधळेपणाने मानू नका. २०२४ पासून मारात परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर प्रवेशशुल्क आहे, आणि ते तिकीट बारा तासांचं. सेरेंगेटीचं शुल्क मोसमात ७० डॉलर अधिक १८ टक्के कर, आणि ते चोवीस तास चालतं. पण हुरळू नका: उद्यानात मुक्काम केला तर रात्रीचं वेगळं शुल्क, आणि अरुशाहून येणारा रस्ता एनगोरोंगोरोतून जातो म्हणून तिथलंही भरावं लागतं. विवरात उतरायचं तर गाडीमागे आणखी. शेवटी सेरेंगेटीची फेरीच बहुधा महाग पडते, पण फरक पूर्वीइतका राहिलेला नाही. चोवीस तासांच्या तिकिटाची एक गंमत म्हणजे परतीच्या सकाळी तुमचा चालक घड्याळ बघत नाबी हिलच्या फाटकाकडे गाडी पळवत असतो. वाटेत चित्ता दिसला तरी त्याचा जीव थाऱ्यावर नसतो.

बाकीची तयारी दोन्हीकडे सारखीच. पीतज्वराची (यलो फीवरची) लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. कार्ड आयुष्यभर चालतं, पण ते नसेल तर केनियातून परतताना मुंबई विमानतळावरच अडकवून ठेवतात. प्लास्टिक पिशव्यांना केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा आणि भाकरवडी डब्यांत भरा. पहाटे थंडी वाजते, स्वेटर हवाच. भाषेची काळजी नको. स्वाहिलीत गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका' आणि पैशाला 'पेसा' म्हणतात. चपाती चपातीच राहते.

आता रजेचं बोलू, कारण आपलं कॅलेंडर आणि वाइल्डबीस्टचं कॅलेंडर जुळत नाही. गणपतीच्या आसपास जाणार असाल तर डोळे झाकून मारा, खिसा परवानगी देत असेल तर कन्झर्व्हन्सीत, किंवा गर्दी टाळायची तर कोगातेंदे. दिवाळी नोव्हेंबरात आली तर मारातून कळप निघालेला असण्याची शक्यता मोठी. फेब्रुवारीत रजा काढता येत असेल तर एन्डुटू, दुसरा विचार नको. राहता राहिली मेची सुट्टी. परवाच एका मित्राचा फोन आला, मुलांच्या परीक्षा संपल्यावर मसाई मारा, तिकिटं काढून झालीत, नदीवर किती दिवस ठेवू? मी म्हटलं, नदीवर एकही नको, कळप तेव्हा तिथून शे-दीडशे किलोमीटर दक्षिणेला असेल. तो गप्प झाला. मग मी त्याला मेमधला मारा सांगितला: पावसाचा शेवट, कमरेएवढं गवत, शुल्क निम्मं, गाड्या तुरळक. मारातले सिंह कळपामागे देश सोडून जात नाहीत, आणि गवत ओलं असलं की ते रस्त्यावरच येऊन बसतात. फक्त माती काळी आहे, आपल्या विदर्भातल्यासारखी, पावसात गाडी रुतवणारी. फोर-बाय-फोरच घे, म्हटलं, आणि मुलांना गमबूट.