घरात माणसं वाढली? यादी दुप्पट करू नका, आधी भाकरी मोजा

आमच्या ग्राहकांसाठी

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या कित्येक घरांचा आकार बदलतो. भाऊ-भावजय कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात आणि त्यांची शाळेतली लेकरं, म्हातारी माय मागच्या घरी येतात. कुठं लेक बाळंतपणाला माहेरी येते. कुठं घरचा कर्ता माणूस जातो आणि त्याचं कुटुंब भावाच्या आसऱ्याला येतं. कारण कोणतंही असो, आठ दिवसांच्या आत त्या घरची यादी आमच्या गल्ल्यावर येते आणि तिच्यात जुनेच आकडे दुप्पट केलेले असतात. पाच किलोचे दहा, एकाचे दोन. मग महिना संपायच्या आत तीच माणसं पिशवी घेऊन परत येतात: हळद फार झाली, कपड्याची पावडर फार झाली, तेवढी परत घ्या आणि ज्वारी द्या. हा घोळ टळावा म्हणून हे पत्रक काढलं आहे. एकदा निवांत वाचा आणि घरात जी बाई स्वयंपाक बघते तिला नक्की वाचून दाखवा. आकडे तिच्याच हातात असतात.

मुख्य चूक एकच आहे. आपण डोकी मोजतो, पण धान्य डोक्यांवर संपत नाही, भाकरीवर संपतं. ऊन्हातान्हात काम करणारा गडी दिवसाला चार भाकरी खातो. साठी ओलांडलेल्या आजीला दोन पुरतात. पहिलीतलं लेकरू एक भाकरी दिवसभर पुरवून खातं. ही तिघं यादीत सारखी धरली की हिशेब तिथंच बिघडतो.

म्हणून आधी हे करा. नवी माणसं आल्यावर पहिले सात दिवस रोज किती भाकरी टाकल्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेखाली लिहा. शिळ्या उरल्या तर त्या वजा करा. एक किलो ज्वारीच्या पिठात मध्यम आकाराच्या साधारण अकरा भाकरी होतात. कुणाच्या हातची भाकरी जाड असेल तर दहा, पातळ असेल तर बारा. घरात पोळ्या होत असतील तर दोन पोळ्यांची एक भाकरी धरा, हिशेब फारसा चुकत नाही.

एक उदाहरण मांडून दाखवतो. घरात नवरा, बायको आणि दोन मोठी मुलं. चौघांच्या मिळून रोज 12 भाकरी. महिन्याच्या झाल्या 360, म्हणजे 33 किलो धान्य. आता भाऊ-भावजय ऊसतोडीला गेले आणि म्हातारी माय, आठ वर्षांची पुतणी आणि पाच वर्षांचा पुतण्या या घरी आले. आजीच्या दोन, पुतणीच्या दोन, धाकट्याची एक. रोजच्या भाकरी 12 वरून 17 झाल्या. महिन्याला 150 भाकरी जास्त, म्हणजे 14 किलो. एकूण 47 किलो. या घरानं यादी दुप्पट केली असती तर 66 किलो नेली असती. 19 किलो धान्याचे पैसे नेमक्या ओढीच्या महिन्यात कोठीत जाऊन बसले असते.

आता या 14 किलोचंही बघा. आजी आणि दोन्ही लेकरांची नावं प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर असतील, तर माणशी 5 किलो या हिशेबानं तिघांचं 15 किलो धान्य महिन्याला मिळतं आणि जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. अंत्योदय कार्ड असेल तर माणसं किती का असेनात, कार्डामागं 35 किलो. म्हणजे वाढलेली गरज जवळजवळ रेशनातच भागते. तरीही आमच्याकडं यादी येते ती रेशन धरल्याशिवाय. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेमुळं कार्डावरचा आपला वाटा दुसऱ्या गावच्या रेशन दुकानातही उचलता येतो. कारखान्यावर गेलेल्यांनी त्यांचा तिकडं आणि आजीनं उरलेल्यांचा इकडं उचलायचा. फक्त सगळ्यांचं आधार कार्डाला जोडलेलं आहे का आणि ई-केवायसी झाली आहे का, हे भाऊ-भावजय गाडीत बसायच्या आधी रेशन दुकानात जाऊन बघून घ्या. गाडी निघाल्यावर ते काम अवघड होतं. बाळ जन्मलं असेल तर जन्माचा दाखला हाती येताच त्याचं नाव कार्डात घाला.

रेशनात गहू-तांदूळ जास्त येतो आणि आपल्याकडं भाताला कुणी जेवण म्हणत नाही. त्यामुळं तांदूळ डब्यात राहतो आणि ज्वारीची यादी वाढत जाते. आठवड्यात दोन रात्री खिचडी केली, तरी तेवढ्या दिवसांच्या संध्याकाळच्या भाकरी वाचतात. खिचडीला मूगडाळ लागेल, ती आमच्याकडून न्या.

रेशन आधी उचला, मग आमच्याकडं या, असं दुकानदारानं सांगितलेलं काहींना नवल वाटतं. आम्हाला एकाच महिन्याचा मोठा धंदा नको आहे. पहिल्या महिन्यात ज्याचं खातं फुगतं तो तिसऱ्या महिन्यात दुकानासमोरून जायचं टाळतो, आणि मग आमचाही माणूस तुटतो.

यादी देताना आम्ही विचारतो: कोण आलं, वय काय, किती दिवसांसाठी? काही जणांना हे घरात डोकावणं वाटतं. तसं नाही. या तीन उत्तरांशिवाय आम्हाला माल काढता येत नाही. तीन वर्षांच्या लेकराच्या घरी मऊ खिचडीचा तांदूळ आणि मूगडाळ जास्त लागते, तर पंधरा वर्षांच्या मुलाच्या घरी शेंगदाणे आणि तेल. शाळेतल्या लेकरांचं दुपारचं जेवण पहिली ते आठवीपर्यंत शाळेत होतं, त्यामुळं दिवाळीच्या सुट्टीत त्याच घरचं धान्य आणि डाळ जास्त संपते. सहा महिने ते तीन वर्षांचं बाळ, गरोदर बाई किंवा बाळंतीण घरात असेल तर अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. तिथं नाव घातलं का, हेही आम्ही विचारतो.

सगळ्याच वस्तू माणसांबरोबर वाढत नाहीत, हे यादी करताना ध्यानात ठेवा. धान्य, डाळ, तेल, साखर, चहा, अंगाचा साबण माणसांबरोबर वाढतात. हळद, मोहरी, जिरं, काळा मसाला पातेल्याबरोबर वाढतात, आणि चौघांच्या आमटीचं पातेलं सातजणांचं करताना मसाला दुप्पट लागत नाही, दीडपटसुद्धा कधी कधी जास्त होतो. झाडू, फिनाईल, काडेपेटी, देवाचं तेल यांचा माणसांशी संबंधच नाही. कपड्याची पावडर मात्र शाळेच्या गणवेशांमुळं वाढते, तीही धाकट्यांच्या मातीच्या खेळावर अवलंबून. परत येणाऱ्या मालात सगळ्यात जास्त काय असतं? तिखट, हळद आणि पावडर.

सुटं तिखट, हळद, मसाला आणि दळलेलं कोणतंही पीठ आम्ही परत घेत नाही. यावरून गल्ल्यावर वाद होतात, म्हणून कारण लिहून ठेवतो. घरच्या डब्यात एकदा ओला चमचा गेला की मसाला कळत नकळत खराब होतो, आणि तो आमच्या डब्यात मिसळला तर दुसऱ्याच्या घरी जातो. तुमच्या घरी दुसऱ्याची परत आलेली हळद यावी असं तुम्हालाही वाटणार नाही. बंद पाकीट, न उघडलेलं पोतं, शिलाई शाबूत असलेली गोणी आठ दिवसांत पावतीसह आणली तर आम्ही कुरकूर न करता बदलून देतो.

तेलाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण घर वाढलं की पहिला विचार डब्याचा येतो. बाजारात 15 किलोचा डबा आहे आणि 15 लिटरचाही आहे. दोन्ही शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणून 15 लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल असतं. ‘तिकडं डबा स्वस्त आहे’ असं सांगणाऱ्या ग्राहकानं बहुतेक वेळा लिटरचा डबा बघितलेला असतो. एक लिटर म्हणून उचललेलं पाकीटही नीट वाचा, काही पाकिटांत 910 ग्रॅमऐवजी 800 किंवा 750 ग्रॅमच असतं. आता पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत छापलेली असते, तीच दोन्हीकडची ताडून बघा. आमच्या दुकानातही तीच बघून घ्या.

वर सांगितलेल्या सातजणांच्या घराला महिन्याला चार ते साडेचार किलो तेल पुरतं. म्हणजे पाच लिटरचा कॅन नेमका बसतो. डबा तीन महिने चालतो, पण तो घरात असला की फोडणीला हात सैल सुटतो, आणि उन्हाळ्यात उघड्या डब्यातलं तेल खवट वास मारू लागतं. पहिले दोन महिने कॅनच न्या. नंतर डबा लागेल असं दिसलं तर आम्हीच सांगू. ज्यांच्याकडं करडईचं तेल खातात त्यांनी चार दिवस आधी कळवावं, आम्ही घाण्यावरून मागवून देतो.

ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हाती आली की काही घरं उन्हाळ्यापर्यंतची ज्वारी-डाळ एकदम भरून ठेवतात. पैसा दुसरीकडं जाऊ नये म्हणून भरतात, हे आम्हाला कळतं. पण तो काळ जुन्या मालाचा असतो. नवी तूर डिसेंबर-जानेवारीत मोंढ्यात येऊ लागते, रब्बीची मालदांडी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये. आवक वाढली की भाव बहुतेक वेळा नरमतो. म्हणून दिवाळीच्या सुमाराला डाळ जानेवारीपुरती आणि ज्वारी फेब्रुवारीपुरतीच घ्या. उचलीतली रक्कम खर्च होईल अशी भीती असेल तर ती आमच्याकडं खात्यावर जमा ठेवा, पावती देतो, लागेल तसा माल त्या दिवशीच्या भावानं न्या. पुढं मार्चमध्ये वर्षाची ज्वारी भरणार असाल तर ती कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत ठेवा. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून देण्याचं काम आमच्याकडं होतं. डाळ कोणती घ्यावी असं विचाराल तर आमचं मत स्पष्ट आहे: लातूरकडची बोरसुरी. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ती थोडी महाग आहे, पण चवीला आहे. सातजणांच्या घरात रोज ती परवडत नसेल तर रोजच्या वरणाला साधी घ्या आणि सणावाराला ती.

धान्य सुटं घेतलं तर त्यावर जीएसटी नाही. 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर जुलै 2022 पासून 5 टक्के आहे. म्हणून आम्ही ज्वारी-गहू तुमच्यासमोर तोलून देतो. याला वेळ लागतो. रांग झाली म्हणून रागावू नका.

बाळंतपणाच्या घरी धान्य फार वाढत नाही, वाढतो तो चहा. बाळ बघायला येणारी माणसं दिवसभर असतात. तिथं साखर, चहापत्ती आणि दूध आधी वाढवा. डिंक, खारीक, खोबरं, हाळीव, गोडंबी हे सगळं पहिल्याच दिवशी सव्वा महिन्याचं नेऊ नका. खोबरं खवट होतं, आणि बाळंतिणीला लाडू मानवतात का हे आठ दिवसांत कळतं. पंधरा दिवसांचं न्या. बाळंतशेपा भाजून देतो.

दुःखाच्या घरी तेराव्यापर्यंत महिन्याची यादी करूच नये. तेवढे दिवस पाहुण्यांना लागेल ते रोजच्या रोज न्या, मुलगा घरपोच आणून देईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत. कोण राहणार, कोण परत जाणार हे ठरल्यावर शांतपणे बसून यादी करू. तिथं पहिल्या महिन्याच्या उधारीची घाईही आम्ही करत नाही.

बाकी खात्यांसाठी नियम आहे. घर वाढलं की खात्याचा हिशेब पंधरा दिवसांनी जुळवायचा, महिन्यानं नाही. नवीन खर्चाचा चटका महिनाअखेरीला बसण्यापेक्षा पंधराव्या दिवशी दिसलेला बरा. तेव्हा दोन वस्तू कमी करायला हातात वेळ असतो. लेकरांना रोज खाऊला पैसे देऊन दुकानात पाठवू नका. पाच-पाच रुपयांची पाकिटं महिन्याच्या खात्यात डाळीएवढी होऊन बसतात. त्याऐवजी मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ आठवड्याचा एकदम न्या. येसर आम्ही धान्य-डाळी भाजून दर आठवड्याला ताजा दळतो. अचानक चार माणसं वाढली आणि घरात भाजी नसली तर पावशेर येसरात आमटीचं मोठं पातेलं होतं.

गॅसचंही बघा. 14.2 किलोची टाकी आता लवकर संपेल. लावल्याची तारीख टाकीवर खडूनं लिहा आणि दुसरी टाकी भरलेली ठेवा.

यादी व्हॉट्सअॅपवर पाठवली तरी चालते. वर रोजच्या भाकरींचा आकडा, नव्या माणसांची वयं आणि रेशनाचं किती धान्य आलं ते लिहा. वजन किलोतच लिहा, पायली-अधोलीत नको, गावागणिक पायली बदलते. पहिल्या वेळी फक्त आठ दिवसांचा माल भरून देऊ. पुढच्या वेळी येताना ती पावती आणि कॅलेंडरवरचे आकडे सोबत आणा, बाजाराचा दिवस सोडून कधीही या, दुपारी गर्दी कमी असते.